वेळ चुकलेल्या पेशी

मधुमेह झाला की रोगप्रतिकारशक्ती कमी होते, हे विधान दवाखान्यापासून औषधांच्या जाहिरातींपर्यंत इतक्या सहजतेने केले जाते की त्यातले अर्धसत्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याच्या रक्तातील साखर दीर्घकाळ चढलेली आहे अशा रुग्णाच्या तपासणी अहवालात पांढऱ्या पेशींची संख्या बहुधा घटलेली नसते. उलट ती साधारण मर्यादेच्या, म्हणजे दर मायक्रोलिटरला चार ते अकरा हजारांच्या, वरच्या अंगाला झुकलेली दिसते आणि शरीरात दाह चालू असल्याची खूण मानली जाणारी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारखी प्रथिनेही पुष्कळदा वाढलेली आढळतात. तरीही याच रुग्णाच्या पायाची साधी जखम महिनोन्‌महिने भरत नाही, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा उलटतो आणि क्षयरोग जडण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट असते. पेशी पुरेशा आहेत, किंबहुना नको तितक्या उत्तेजित आहेत आणि तरीही संरक्षण लंगडे पडते, ही विसंगती ‘कमी झालेली शक्ती’ या कल्पनेने उलगडत नाही. गेल्या अर्धशतकातील संशोधनातून पुढे येणारे चित्र वेगळे आहे: शांत असायला हवे तेव्हा या पेशी अस्वस्थ असतात, बोलावणे आल्यावर उशिरा पोहोचतात आणि एकदा पोहोचल्या की काम संपल्यावरही मागे हटत नाहीत.

अनियंत्रित मधुमेह कशाला म्हणायचे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. रक्तातील ग्लुकोजचा रेणू कोणत्याही एन्झाइमच्या मदतीवाचून प्रथिनांना चिकटतो आणि तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनही त्याला अपवाद नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्यामुळे तिच्यातील हिमोग्लोबिनचा किती हिस्सा साखरेने व्यापला आहे यावरून मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. हीच ती एचबीएवनसी नावाची तपासणी. या प्रकारचे हिमोग्लोबिन मधुमेही व्यक्तींच्या रक्तात वाढलेले असते, ही गोष्ट तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. हे प्रमाण ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते आणि उपचार चालू असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी ते ७ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज निघाला आणि राज्यांत गोव्याचे प्रमाण, २६.४ टक्के, सर्वांत अधिक ठरले. त्याच पाहणीच्या आधारे वर्षभर आधी प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले होते की मधुमेह असल्याचे ठाऊक असलेल्यांपैकी जेमतेम ३६ टक्के लोकांची साखर या उद्दिष्टाच्या आत आहे. पुढील विवेचन ज्यांच्याबद्दल आहे ते उरलेले लोक अशा प्रकारे बहुसंख्य ठरतात.

मधुमेह आणि पू यांचे नाते वैद्यकाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या रोग्याला होणाऱ्या पिडकांचे, म्हणजे गळवांचे, नावानिशी प्रकार सांगितले आहेत, आणि इन्सुलिन हाती येण्यापूर्वी पाठीवरची काळपुळी किंवा पायाचा कोथ हे मधुमेहींच्या मृत्यूचे नेहमीचे कारण होते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले आणि चित्र पालटू लागले. परंतु जंतूंना साखर आवडते म्हणून ती वाढली की जंतू वाढतात, या सोप्या स्पष्टीकरणापलीकडे जाऊन प्रत्यक्ष पेशींची परीक्षा घेण्याची साधने पुढे अनेक दशके नव्हती. ते स्पष्टीकरण सर्वस्वी चुकीचे नाही, कारण लघवीत साखर उतरू लागली की कँडिडासारख्या बुरशीला ती पोषक ठरते आणि मुद्दाम लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांना जननेंद्रियाच्या जागी खाज व बुरशीचा त्रास होतो तो त्यामुळेच. मात्र रक्तातील, फुप्फुसातील किंवा हाडातील संसर्ग त्याने उलगडत नाहीत. १९७४ मध्ये अमेरिकेत जॉन बॅगडेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रण बिघडलेल्या मधुमेहींच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांना न्यूमोकॉकस जंतू गिळायला दिले, तेव्हा त्या निरोगी व्यक्तींच्या पेशींपेक्षा कमी जंतू गिळतात आणि उपचारांनी साखर खाली आणल्यावर तीच क्षमता सुधारते, असे दिसून आले. दोष पेशीत आहे आणि तो काही अंशी परतवता येतो, या दोन्ही गोष्टी त्या एका निरीक्षणात होत्या.

ज्या पेशींवर हे प्रयोग झाले त्या प्रामुख्याने न्यूट्रोफिल होत. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा असतो. निरोगी प्रौढाच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गरात, त्या दररोज सुमारे दहा हजार कोटी इतक्या तयार होतात आणि रक्तात काही तास ते एखादा दिवस फिरून नाहीशा होतात. त्वचेत काटा रुतला की जखमी पेशी आणि आत शिरलेले जंतू यांच्यापासून निघालेली रसायने आसपास पसरतात, जवळच्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर चिकट रेणू उगवतात आणि वाहत्या रक्तातील न्यूट्रोफिल त्या अस्तरावर घरंगळत, अडखळत अखेर थांबते. तेथून अस्तराच्या दोन पेशींमधील फटीतून स्वतःला पिळून घेत ती बाहेर पडते आणि रसायनाचा अंश ज्या दिशेला वाढत जातो त्या दिशेने सरकू लागते. या हालचालीला रसायनानुचलन म्हणतात. जंतू गाठल्यावर ती त्याला आपल्या पटलात वेढून आत घेते आणि मग ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी अतिशय क्रियाशील संयुगे क्षणार्धात तयार करून त्याला मारते. घरंगळणे, सरकणे, गिळणे आणि मारणे या चारही पायऱ्यांवर अनियंत्रित मधुमेहात काही ना काही बिघाड नोंदला गेला आहे. मात्र त्यांतील शेवटच्या दोन पायऱ्यांचा बिघाड रसायनशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक आहे.

स्नायूंच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायचे असेल तर बहुतांशी इन्सुलिनची संमती लागते. न्यूट्रोफिलला ती लागत नाही. रक्तात साखर वाढली की तिच्या आतही ती वाढते आणि या जादा ग्लुकोजपैकी काही भाग एरवी जवळजवळ निर्मनुष्य असलेल्या एका आडवाटेला लागतो. अल्डोज रिडक्टेज नावाचे एन्झाइम त्या ग्लुकोजचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करते आणि त्यासाठी एनएडीपीएच नावाच्या रेणूचा खर्च करते. गंमत अशी की जंतू मारण्यासाठी लागणारे सुपरऑक्साइड तयार करणाऱ्या एन्झाइमलाही नेमका हाच रेणू लागतो आणि त्या रासायनिक माऱ्यापासून स्वतः पेशीला वाचवणारे ग्लुटाथायोन पुन्हा ताजे करण्यासाठीही हाच. म्हणजे साखर निस्तरण्यातच एनएडीपीएचचा साठा घटतो, जंतूवरचा मारा क्षीण होतो आणि पेशीचे स्वतःचे कवचही पातळ होते. त्यातच गिळण्याच्या पायरीवर आणखी एक अडचण असते. रक्तातील पूरक प्रथिने, विशेषतः सी-३ हे प्रथिन, जंतूच्या पृष्ठभागावर चिकटून त्याला ओळखण्याजोगा करतात. पण साखर चढलेल्या रक्तात ग्लुकोज या प्रथिनांनाही आधीच चिकटलेले असते आणि मग ती जंतूला नीट पकडू शकत नाहीत. प्रयोगशाळेत साधारणपणे दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर साखर गेली की हे दोष ठळकपणे दिसू लागतात.

इतकेच असते तर ‘शक्ती कमी झाली’ हे म्हणणे खरेच ठरले असते. परंतु त्याच न्यूट्रोफिलांना कोणताही जंतू न दाखवता नुसते ठेवून मोजले, तर त्या निरोगी व्यक्तीच्या पेशींपेक्षा अधिक सुपरऑक्साइड झिरपत ठेवताना आढळतात. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचा एक धागा पकडला. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियमची पातळी क्षणभर उसळणे हा ‘आता कामाला लागा’ असा आतला निरोप असतो आणि तो ऐकू यायचा तर विश्रांतीच्या वेळी ही पातळी अगदी खाली असावी लागते. प्रकार दोनच्या मधुमेहींच्या न्यूट्रोफिलांत ती विश्रांतीतच चढलेली होती. जितकी साखर अधिक तितकी ही पातळी अधिक आणि गिळण्याची क्षमता तितकी कमी होती. गोळ्यांनी साखर आटोक्यात आणल्यावर कॅल्शियम उतरले आणि गिळणे सुधारले. महिनाभर रजा न देता बंदोबस्ताला उभ्या केलेल्या पोलिसांची जी अवस्था होते, म्हणजे चिडचिड भरपूर पण खरी हाक आली की पाय जड, तीच येथे पेशीच्या पातळीवर दिसते. या विनाकारण चिडलेल्या पेशी निरुपद्रवीही नसतात: डोळ्याच्या पडद्याच्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांत त्या अस्तराला चिकटून राहतात, रक्ताची वाट अडवतात आणि मधुमेहाने होणाऱ्या दृष्टिपटलविकाराला हातभार लावतात.

न्यूट्रोफिलचे आणखी एक हत्यार बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये वर्णिले. प्रसंगी ही पेशी आपल्या केंद्रकातील डीएनए उलगडून, त्यावर जंतुनाशक प्रथिने माळून, त्याचे जाळे बाहेर फेकते. जंतू त्यात अडकतात आणि पेशी बहुधा मरते. हे जाळे उलगडण्यासाठी पॅड-४ नावाचे एन्झाइम लागते. २०१५ मध्ये बोस्टनमधील डेनिसा वॅग्नर यांच्या गटाने दाखवले की मधुमेही रुग्णांच्या न्यूट्रोफिलांत पॅड-४ चे प्रमाण पुष्कळ अधिक असते आणि त्या जाळे फेकण्यास आधीपासूनच टपलेल्या असतात. मधुमेही उंदरांच्या जखमेत अशा जाळ्यांचा खच पडलेला आढळला. पॅड-४ चे जनुक नसलेल्या उंदरांच्या जखमा लवकर भरल्या आणि डीएनए तोडणारे एन्झाइम टोचल्यावर साध्या उंदरांच्या जखमाही लवकर सांधल्या. त्वचेची नवी पेशी जखमेच्या कडेकडून मध्याकडे सरकत येते तेव्हा तिच्या वाटेत हे चिवट जाळे आणि त्यावरची ऊतक कुरतडणारी एन्झाइमे आडवी येतात, असा याचा अर्थ.

मधुमेही पायाची जुनी जखम पाहणाऱ्याला हे सारे उघड्या डोळ्यांनी दिसते. भरत आलेल्या जखमेचा तळ लालसर, दाणेदार आणि हात लागताच रक्त येईल इतका कोवळा असतो. या कोवळ्या वाढीला मांसांकुर म्हणतात. न भरणाऱ्या जखमेचा तळ फिकट असतो, त्यावर पिवळट, बुळबुळीत थर चढलेला असतो आणि कडा पांढुरक्या, जाड, आतल्या बाजूला वळलेल्या असतात. सुरुवात बहुधा मज्जातंतूंपासून होते. तळव्याची संवेदना गेल्यामुळे चपलेचा खिळा टोचलेला कळत नाही, किंवा चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्यावर आलेले फोड घरी आल्यावर चादरीवरचा डाग पाहून कळतात. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर पेशींना तेथवर पोहोचायलाच वाट उरत नाही. पण वाट असूनही जखम अडते तेव्हा त्यामागे मॅक्रोफेज असतात.

मॅक्रोफेज ही ऊतकांत वस्ती करणारी मोठी भक्षक पेशी असून तिचा एक मोठा पुरवठा रक्तातील मोनोसाइट या पेशींपासून होतो. निरोगी जखमेत पहिले काही दिवस ती दाह भडकवते, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळते. आणि मग, विशेषतः मेलेल्या न्यूट्रोफिल गिळल्यानंतर, तिचा स्वभावच पालटतो. ती दाह शमवणारी, नव्या केशवाहिन्या आणि तंतू घडवायला लावणारी रसायने सोडू लागते. दाहातून दुरुस्तीकडे जाण्याचे हे वळण म्हणजे जखम भरण्याच्या प्रक्रियेचा खरा कणा आहे आणि अनियंत्रित मधुमेहात तेच चुकते. उंदरांवरील आणि मानवी जखमांवरील अभ्यासांत असे दिसते की मेलेल्या न्यूट्रोफिल उचलण्याचे काम मॅक्रोफेजकडून मंदावते, त्या तशाच कुजून आणखी दाह निर्माण करतात आणि मॅक्रोफेज पहिल्याच अवस्थेत अडकून राहतात. मृत थर शल्यचिकित्सकाने नियमितपणे खरवडून काढणे आणि पायावरचा भार विशेष पादत्राणाने किंवा प्लास्टरने हलवणे, हे दोन उपाय दिसायला ओबडधोबड असले तरी अडकलेली जखम पुन्हा पहिल्या दिवसावर आणून सोडणारे तेच आहेत. महागड्या मलमांची त्यांच्यापुढे फारशी मातब्बरी नाही.

उशीर हा दोष सर्वांत स्पष्टपणे क्षयरोगात दिसतो आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्यामुळे या जोडगोळीचे महत्त्व येथे इतर देशांहून अधिक आहे. क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसाच्या वायुकोशात पोहोचला की तेथील मॅक्रोफेज त्याला गिळतात, पण सहसा मारू शकत नाहीत. त्याची ओळख जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत पोहोचावी लागते. तेथे त्या जंतूला नेमके ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील विशिष्ट लक्ष्यावर चालून जाणाऱ्या पेशी, वाढून फुप्फुसाकडे येतात आणि मॅक्रोफेजला जंतू मारण्याचे बळ देतात. मधुमेही उंदरांत ही ओळख ग्रंथीत पोहोचायलाच विलंब होतो. दरम्यान जंतूंची संख्या कैक पटींनी वाढते आणि मग, उशिरा का होईना, टी पेशींचा जो प्रतिसाद येतो तो अतिरेकी असतो. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या आवारात झालेल्या अभ्यासांत मधुमेह असलेल्या क्षयरुग्णांच्या रक्तात दाह भडकवणाऱ्या टी पेशींचे प्रमाण, मधुमेह नसलेल्या क्षयरुग्णांपेक्षा, अधिक आढळले. आधी विलंब आणि नंतर अतिरेक, ही जोडी येथेही तशीच. देशाने २०१७ मध्ये क्षय आणि मधुमेह यांच्या परस्पर तपासणीचा आराखडा स्वीकारला, त्यानुसार क्षयरुग्णाची साखर आणि मधुमेही रुग्णाची क्षयलक्षणे पाहिली जाणे अपेक्षित आहे. साखर चढलेल्या माणसाचा दोन आठवड्यांहून जुना खोकला ‘हवाबदल’ म्हणून सोडून देणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

विषाणूंच्या बाबतीत या विलंबाचे मूळ आणखी खोलवर शोधले गेले आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या एरान एलिनाव्ह यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मधुमेही उंदीर इन्फ्लुएंझासारख्या श्वसनसंसर्गाने अधिक संख्येने दगावले आणि दोष सापडला तो डेंड्रायटिक पेशींत, म्हणजे जंतूची ओळख टी पेशींपुढे मांडणाऱ्या शाखायुक्त पेशींत. चढलेल्या साखरेमुळे या पेशींचा चयापचय बदलला होता, त्यामुळे डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवरच्या रासायनिक खुणा बदलल्या होत्या आणि योग्य ती जनुके योग्य वेळी उघडत नव्हती. इन्सुलिनने साखर आटोक्यात ठेवलेल्या उंदरांत हा दोष दिसला नाही.

महाराष्ट्राने या सर्व बिघाडांची एकत्रित परीक्षा २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे, लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण अचानक वाढले, केंद्र सरकारने मे महिन्यात हा नोंद करण्यायोग्य आजार ठरवण्यास राज्यांना सांगितले आणि काही महिन्यांतच देशातील नोंदी चाळीस हजारांपलीकडे गेल्या, ज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात आघाडीवर होते. या बुरशीचे बीजाणू माती, शिळे अन्न, कुजका पाला अशा सर्व ठिकाणी असतात आणि जवळजवळ प्रत्येक जण ते रोज हुंगतो. निरोगी माणसात मॅक्रोफेज बीजाणूला अंकुरू देत नाहीत आणि तरीही जे धागे फुटतील त्यांना न्यूट्रोफिल नष्ट करतात. साखर अतिशय चढून रक्तात कीटोनची आम्ले साचली की हे दोन्ही पहारे ढिले पडतात. शिवाय रक्तातील लोह ज्या प्रथिनाला घट्ट बांधलेले असते त्याची पकड आम्लात सुटते आणि लोहाची भुकेली बुरशी त्यावर पोसते. त्याच अवस्थेत नाकाच्या व रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-७८ नावाचे प्रथिन वाढते आणि बुरशी नेमकी त्यालाच धरून आत शिरते. कोविडसाठी दिलेली स्टेरॉइडे गंभीर रुग्णांना जीवदान देणारी होती, हे २०२० मध्ये सिद्ध झाले होते; पण ती साखर चढवतात आणि भक्षक पेशींना मंदही करतात, त्यामुळे ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांनाही घरच्या घरी ती भरमसाट दिली गेली तेथे औषधाचा लाभ नव्हता आणि हानी मात्र होती. गालाचे हाड, टाळू, प्रसंगी डोळा काढावा लागलेल्या त्या रुग्णांपैकी बहुसंख्य मधुमेही होते आणि त्यांतील काहींना आपल्याला मधुमेह आहे हे तोवर ठाऊकही नव्हते.

पेशी मुळात इतक्या अस्वस्थ का होतात, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी चरबीत आहे. १९९३ मध्ये बोस्टनमधील ग्योखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हे दाहजनक रसायन निघते आणि ते इन्सुलिनचे काम अडवते असे दाखवले. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतीलच दोन गटांनी त्या रसायनाचा मोठा स्रोत चरबीत घुसलेले मॅक्रोफेज असल्याचे दाखवले. सडपातळ शरीराच्या चरबीत या पेशींचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असतो, अतिलठ्ठ शरीरात तो चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. मोठ्या पोटाचाच हा प्रश्न आहे, असे मात्र समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांनी दिसायला किरकोळ असलेल्या भारतीय शरीरातही, अगदी कमी वजनाच्या नवजात अर्भकातही, चरबीचा वाटा तुलनेने अधिक असतो हे जगापुढे आणले आहे. हा भाग मुख्यतः प्रकार दोनच्या मधुमेहाला लागू पडतो. प्रकार एकमध्ये टी पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटतात, तो एक स्वतंत्र विषय आहे, जरी पुढे साखर चढल्यावर न्यूट्रोफिलची जी दशा होते ती दोहोंत सारखीच.

दुसरे उत्तर अस्थिमज्जेत आहे आणि ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. चढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल जी प्रथिने सोडतात ती मज्जेतील मूळ पेशींना अधिकाधिक मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल घडवायला उद्युक्त करतात, म्हणजे चिडलेली पेशी आपल्यासारख्याच आणखी पेशींची मागणी नोंदवते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेही उंदरांची मज्जा साखर सामान्य असलेल्या उंदरांत रोपली असता त्यांच्या रोहिणींतही मेदाचे थर अधिक जमले. साखर मागे राहिली होती, पण तिची खूण मज्जेसोबत आली होती. माणसांत अशी खूण असावी याचा पुरावा अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या डीसीसीटी या चाचणीतून मिळतो. प्रकार एकच्या या रुग्णांपैकी निम्म्यांची साखर १९८३ ते १९९३ या काळात काटेकोरपणे आणि इतरांची तेव्हाच्या रूढ पद्धतीने सांभाळली गेली; चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची एचबीएवनसी जवळजवळ सारखी झाली, तरी डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय यांच्या हानीतील तफावत पुढे कित्येक वर्षे टिकली. रमा नटराजन आणि सहकाऱ्यांनी याच रुग्णांच्या मोनोसाइट पेशी तपासल्या, तेव्हा जुन्या साखरेच्या प्रमाणात उमटलेल्या रासायनिक खुणा त्यांच्या जनुकांवर आढळल्या. साखर आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत न्यूट्रोफिलचे गिळणे सुधारते, कारण ती पेशीच अल्पायुषी आहे. मज्जेने धरलेली सवय मात्र तितक्या लवकर सुटत नाही.

यावर उपाय म्हणून प्रतिकारशक्ती ‘वाढवणारी’ चूर्णे, काढे आणि गोळ्या यांचा जो बाजार फोफावला आहे त्याची गफलत आता उघड व्हावी. आधीच चेतलेल्या पेशींना आणखी चेतवून काय साधणार, हा प्रश्न जाहिरातीत कोणी विचारत नाही. उलट दिशेचा मार्गही सरळ नाही. कॅनाकिनुमॅब या, दाहाचा एक मुख्य निरोप अडवणाऱ्या प्रतिपिंडाची दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा हृदयविकाराचे झटके घटले, पण प्राणघातक संसर्ग वाढले आणि नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण काही कमी झाले नाही. लसींची गोष्ट वेगळी आहे. हिपॅटायटिस-बी लसीला मधुमेहींचा प्रतिसाद काहीसा कमी येतो हे खरे, तरी दरवर्षीची इन्फ्लुएंझाची आणि न्यूमोकॉकसची लस त्यांना आवर्जून सुचवली जाते, कारण प्रत्यक्ष जंतू येण्यापूर्वीच ओळख करून दिली की उशिराचा दोष बराच भरून निघतो.

साखर किती खाली आणावी, याचेही उत्तर ‘जितकी कमी तितके बरे’ असे नाही. बेल्जियममधील लूव्हेन येथे ग्रेट व्हान डेन बर्घ यांनी २००१ मध्ये शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या १,५४८ रुग्णांची साखर इन्सुलिनने दर डेसिलिटरला ८० ते ११० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखली आणि मृत्यू व रक्तातील जंतुसंसर्ग दोन्ही घटल्याचे दाखवले. जगभर तो पायंडा पडू लागला. २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नाइस-शुगर या चाचणीत मात्र अशा काटेकोर नियंत्रणाखालील गटात मृत्यू अधिक झाले आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रसंगही त्यांत कितीतरी अधिक होते. तेव्हापासून बहुतेक रुग्णालयांत गंभीर रुग्णाची साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवली जाते; न्यूट्रोफिलचा बिघाड ठळक होतो त्या पातळीच्या ती खाली आहे आणि घसरणीच्या धोक्यापासूनही दूर. गुडघ्याच्या सांध्याची किंवा हर्नियाची ठरलेली शस्त्रक्रिया एचबीएवनसी फार चढलेली आहे म्हणून काही आठवडे पुढे ढकलली जाते, तेव्हा रुग्णाचे नातेवाईक कुरकुरतात. पण तेवढ्या अवधीत रक्तातल्या न्यूट्रोफिलच्या कित्येक पिढ्या पालटतात आणि टाके घातले जातील त्या दिवशी जखमेकडे धावणाऱ्या पेशी कमी साखरेत घडलेल्या असतात.